गोळी देणाऱ्याची सही हवी

फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा अधिकार द्यावा का, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. डॉक्टर म्हणतात, रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल. फार्मसीची मंडळी म्हणतात, आम्ही चार वर्षं औषधांचाच अभ्यास केला, मग आमच्यावर एवढा अविश्वास का? भांडताना दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की हा अधिकार आज मेडिकलच्या काउंटरवर नाही.

तो आहे, आणि रोज वापरला जातो. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांची पाळी सुटली की कामगारवस्तीतल्या कोणत्याही मेडिकलसमोर उभं राहून पाहावं. "दादा, घसा धरलाय, काहीतरी द्या." "पोरीला सकाळपासून जुलाब होतायत." "कंबरेची मागच्या वेळची ती गोळी द्या ना, लाल पाकिटातली." काउंटरवरचा माणूस जमलं तर एखादा प्रश्न विचारतो, कात्रीनं स्ट्रिप कापतो, दोन-तीन प्रकारच्या सुट्या गोळ्या कागदी पुडीत बांधतो आणि सांगतो, "जेवणानंतर, दोन टाइम." निदान झालं, औषध ठरलं, मात्राही ठरली. चिठ्ठी तेवढी नाही, आणि उद्या काही बिघडलं तर हे कुणी ठरवलं होतं याचा पुरावाही नाही.

लोक असं का करतात, याचं उत्तर त्यांच्या खिशात आणि घड्याळात आहे. डॉक्टरकडे नंबर लावायचा तर अर्धा दिवस जातो. खाडा पडला की रोज बुडतो आणि वर फी द्यावी लागते ती वेगळी. जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवर तर डॉक्टरपर्यंत पोचणं हाच एक प्रवास असतो. अशा माणसाला "चिठ्ठी आणल्याशिवाय काही मिळणार नाही" असं सांगणं कायद्यानं बरोबर असलं, तरी त्याच्या दुखण्याला ते उत्तर नाही.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे या प्रश्नात मी बाजूला उभी नाही. माझं म्हणणं असं आहे. काउंटरवर चोरून चाललेला हा अधिकार दोन भागांत फोडावा. छोटा, निरुपद्रवी आणि गरजेचा भाग कायद्यानं फार्मासिस्टच्या हाती द्यावा, त्याच्या नावानं आणि त्याच्या सहीनं. उरलेला, म्हणजे अँटिबायोटिक, स्टेरॉइड आणि झोपेच्या गोळ्यांचा भाग, त्याच्याकडून खरोखर काढून घ्यावा. ही दोन्ही कामं एकत्रच व्हायला हवीत. नुसती सक्ती केली तर गरीब माणूस भोंदूकडे जाईल, आणि नुसती मोकळीक दिली तर आजचाच गोंधळ कायदेशीर होईल.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 सालचा, त्याखालचे नियम 1945 चे, आणि फार्मसी कायदा 1948 चा. म्हणजे आपली सगळी चौकट ब्रिटिशांच्या शेवटच्या काळातली आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षातली आहे. नियमांच्या शेड्यूल एचमध्ये पाचशेहून अधिक औषधं आहेत आणि ती फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकायची असतात. शेड्यूल एक्समधल्या, म्हणजे आणखी कडक नियंत्रणाखालच्या औषधांसाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदारानं दोन वर्षं जपायची असते. 2014 च्या मार्चपासून शेड्यूल एच-1 लागू झालं. त्यातली औषधं विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांची स्वतंत्र, स्पष्ट यादी मात्र आपल्या कायद्यात नाही. जे कोणत्या शेड्यूलमध्ये बसत नाही ते मोकळं, एवढंच. 2022 मध्ये 16 औषधांना चिठ्ठीतून रीतसर सूट देण्याचा मसुदा केंद्रानं काढला होता. त्यात पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं होती आणि पाच दिवसांहून जास्त देऊ नये अशी अटही होती. दिशा योग्य होती.

आता याच नियमांतलं एक कलम बघा, नियम 65. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "पुन्हा द्यावे" असं लिहिलेलं नसेल तर त्या चिठ्ठीवर शेड्यूल एचचं औषध एकदाच द्यायचं. दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख त्या चिठ्ठीवर टाकायची. आपल्यापैकी कितीजणांच्या घरातल्या चिठ्ठीवर असा शिक्का आहे? रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन शेड्यूल एचमध्ये आहे. ती वर्षानुवर्षं घेणारे नाशिकमधले हजारो आजी-आजोबा दर महिन्याला रिकामी स्ट्रिप दाखवून नवी घेतात. कायद्याच्या अक्षरानं पाहिलं तर देणारा दरवेळी नियम मोडतो. दिली नाही तर म्हाताऱ्या माणसाची गोळी चुकते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. जो नियम पाळला तर रुग्णाचं नुकसान होतं आणि मोडला तर दुकानदार गुन्हेगार ठरतो, त्या नियमाला कुणी मान देत नाही. मग ही बेफिकिरी एका गोळीपुरती राहत नाही, शेजारच्या खणातल्या अँटिबायोटिकपर्यंत पोचते.

म्हणून पहिला अधिकार इथे द्यावा. एकदा डॉक्टरांनी सुरू केलेलं दीर्घ आजाराचं औषध ठरावीक मुदतीपर्यंत, समजा सहा महिने, फार्मासिस्टनं आपल्या सहीनं पुढे चालू ठेवावं. दरवेळी रक्तदाब मोजून वहीत लिहावा, आकडा बिघडलेला दिसला तर डॉक्टरकडे पाठवावं. पाय सुजतात का, हा एक प्रश्न जरी विचारला तरी अ‍ॅम्लोडिपिनचा नेहमीचा दुष्परिणाम लवकर लक्षात येतो. हे काम आमच्या विद्यार्थ्यांना उत्तम येतं. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनं रुग्णाला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं कामच मानलं आहे. पण काउंटरच्या गर्दीत त्याला ना जागा, ना वेळ, ना मोबदला.

दुसरा अधिकार किरकोळ दुखण्यांचा, आणि तो यादीपुरताच. लहान मुलाच्या जुलाबाला ओआरएस आणि झिंक, किती दिवस आणि कसं, हे सांगायला एमबीबीएस लागत नाही. उलट हे नीट सांगणारा माणूस जागेवर असेल तर जीव वाचतात. ओआरएसच्या नावाखाली गोड पेयांचे खोके कितीतरी वर्षं मेडिकलमध्येच विकले गेले. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला बंदी घातली, तोवर हा फरक ग्राहकाला सांगायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. ताप, अ‍ॅलर्जीची सर्दी, छातीतली जळजळ, जंत, उवा, साधी खाज अशा दहा-बारा तक्रारींची यादी करता येईल. प्रत्येकीपुढे "इथे थांबा आणि डॉक्टरकडे पाठवा" अशी लक्षणंही छापता येतील. जुलाबात रक्त पडतंय, तापाला तिसरा दिवस उलटलाय, बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे, बाई गरोदर आहे. अशा वेळी गोळीला हात लावायचा नाही.

जगात हे नवं नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात 2007 पासून फार्मासिस्ट औषधं लिहून देतात. ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला 2006 पासून स्वतंत्रपणे औषध लिहिता येतं. इंग्लंडनं 2024 च्या जानेवारीत घसादुखी, कानदुखी, नागीण, बायकांच्या लघवीचा साधा जंतुसंसर्ग अशा सात आजारांसाठी फार्मसीतच तपासून औषध द्यायची योजना सुरू केली. आपण त्यांची यादी उचलून आणावी असं मी म्हणत नाही. त्यांच्या सात आजारांपैकी बहुतेकांत अँटिबायोटिक द्यावं लागू शकतं, आणि आपल्याकडे तेच पहिल्यांदा आवरायचं आहे. पण त्या योजनेतली एक गोष्ट जरूर घ्यावी. तिथे सल्ल्याचे पैसे सरकारी आरोग्यसेवा देते, आणि औषध दिलं नाही तरी देते.

माझ्या दृष्टीनं सगळा प्रश्न इथे येऊन अडतो. जो गोळी विकतो त्यानंच ती ठरवायची म्हटलं तर त्याचा हात जास्त गोळ्यांकडे आणि जास्त नफ्याच्या कंपनीकडे वळणार. डॉक्टरांचा हा आक्षेप खरा आहे. तो आपल्या गावठाणांतल्या दवाखान्यांनाही लागू होतो, जिथे डॉक्टर स्वतःच पुड्या बांधून देतात आणि कायदा त्यांना त्याची सूटही देतो. उपाय एकच दिसतो. सल्ल्याची वेगळी, छोटी, ठरलेली फी असावी. पन्नास रुपये देऊन "तुम्हाला गोळीची गरज नाही, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा" असं ऐकून जाणारा ग्राहक दुकानदाराला तोट्याचा वाटता कामा नये.

आता जे काढून घ्यायचं त्याबद्दल. अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 मध्ये जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात खासगी बाजारात सर्वांत जास्त खपणाऱ्या अँटिबायोटिकमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन आहे, ती "तीन गोळ्यांचा कोर्स" म्हणून घरोघरी माहीत झालेली गोळी. 2014 मध्ये लागू झालेल्या एच-1 यादीतल्या 46 औषधांत सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आहे, क्षयरोगाची औषधं आहेत, गुंगी आणणारं अल्प्राझोलाम आणि कोडीन आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र नाही. म्हणजे चिठ्ठी लागते, पण वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद लागत नाही. मग ती कुणी मागितली आणि कुणी दिली, याचा माग काढणार कसा?

नोंद ठेवणं आपल्याला जमत नाही, असं मात्र नाशिकच्या माणसानं म्हणू नये. 2010 मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली. पिंपळगाव-दिंडोरीच्या कितीतरी बागायतदारांनी त्या वर्षी तोटा सोसला. आज निर्यातीच्या बागेत कोणत्या तारखेला काय फवारलं, किती फवारलं, काढणीआधी किती दिवस थांबलो, याची प्लॉटवार नोंद असते आणि माल प्रयोगशाळेतून गेल्याशिवाय हलत नाही. परक्या देशातल्या ग्राहकाच्या ताटातल्या मण्यासाठी आपण ही शिस्त लावून घेतली. आपल्याच लेकरांच्या पोटात जाणाऱ्या अँटिबायोटिकसाठी ती लावायला कुणाची हरकत असावी?

गुंगीच्या गोळ्यांचं तर वेगळं सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या "कुत्ता गोळी" या नावानं नशेसाठी विकल्या जातात आणि पोलिसांचे छापे सतत पडतात. हे औषध एच-1 मध्ये असूनही असं होतं, कारण हातानं लिहिलेलं रजिस्टर एका दुकानाच्या खणात पडून असतं. घाऊक विक्रेत्याकडून माल किती आला आणि किरकोळ दुकानातून किती नोंदीनं गेला, ही बेरीज कुणी मांडत नाही. नाशिकच्या औषधांच्या घाऊक बाजारातून, म्हणजे गोळे कॉलनीतून निघणारा प्रत्येक खोका आज संगणकाच्या बिलावर जातो. ती बिलं आणि एच-1 ची नोंद एकमेकांशी जुळवून पाहणारी यंत्रणा उभारणं फार अवघड नाही.

स्टेरॉइडच्या मलमांचंही तेच. नायट्यावर लावायला मेडिकलमधून आणलेली "खाजेची ट्यूब" दोन दिवस आराम देते आणि मग नायटा अंगभर पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितल्यावर 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आली. तरी ट्यूब आजही मागितली की मिळते.

हे सगळं लिहिताना मला माहीत आहे की अनेक दुकानांत फार्मासिस्ट नसतोच. भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट असतं आणि त्याला महिन्याला भाडं मिळतं. काउंटरवर दहावी-बारावी झालेला, हुशार, कष्टाळू, पण औषधशास्त्र न शिकलेला मुलगा असतो. आमच्या पदविकेच्या मुलांना निकाल लागायच्या आधीच "सर्टिफिकेट लावणार का?" अशी विचारणा होते, आणि त्यांचे चेहरे पाहून मला वाईट वाटतं. आपल्या शिक्षणाची किंमत एका फ्रेमएवढीच आहे, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी कळतं. सहा वर्षांचा फार्म डी, म्हणजे रुग्णसेवेवर भर असलेला औषधशास्त्राचा अभ्यासक्रम, करणारी मुलं परदेशाची वाट धरतात, कारण रुग्णाशी बोलायला शिकलेल्या माणसाला इथे रुग्णाशी बोलायचं कामच नाही.

म्हणून नवा अधिकार दुकानाला देऊ नये, माणसाला द्यावा. तो जागेवर असेल, स्वतःच्या नोंदणी क्रमांकानं लॉग-इन करेल आणि बिलावर त्याचं नाव छापलं जाईल, तरच ते औषध निघावं. सर्टिफिकेट भाड्यानं दिलेल्या माणसाच्या नावावर मग दुसऱ्याच्या चुका चढू लागतील, आणि भाड्याचा हा व्यवहार त्याला परवडणार नाही. महेश झगडे 2011 नंतर अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते, पुढे नाशिकचे विभागीय आयुक्तही झाले. त्यांच्या काळात फार्मासिस्टची हजेरी, बिल आणि चिठ्ठी यांची सक्ती सुरू झाली. केमिस्टांनी बंद पुकारले, मोर्चे काढले. सक्तीचा तो काळ आवश्यक होता असं मी मानते. पण भीतीवर चालणाऱ्या सक्तीची दुसरी बाजूही महाराष्ट्रानं पाहिली. गर्भलिंग निवडीविरुद्धच्या मोहिमेत गर्भपाताच्या गोळ्यांवर इतकी करडी नजर पडली की अनेक दुकानांनी त्या ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरची कायदेशीर चिठ्ठी हातात असलेली बाईसुद्धा दुकानामागून दुकानं फिरली. कागदपत्रांचा धाक वाढला की दुकानदार औषधच ठेवत नाही, हे नवा नियम करताना विसरता येणार नाही.

डॉक्टरांच्या संघटनांशी मला एका मुद्द्यावर थेट बोलायचं आहे. फार्मासिस्टला निदान शिकवलेलं नसतं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. दोन वर्षांच्या पदविकेवर हा अधिकार देऊ नये, असंच माझंही मत आहे. पण चिठ्ठीचा अधिकार एमबीबीएसच्या बाहेर कधीच गेला नाही, असं तुम्ही म्हणू शकत नाही. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या पदवीधरांना राज्य सरकारच्या अधिसूचनांनी आधुनिक औषधं वापरायची वाट मिळाली. 2014 च्या कायदादुरुस्तीनं एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथनाही ती देऊ केली, त्यावर वाद आणि आंदोलनं अजून चालू आहेत. तो अभ्यासक्रम चालवतं आपल्या नाशिकचंच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही मर्यादित औषधं देणाऱ्या सामुदायिक आरोग्यसेवकाची तरतूद आहे. या सगळ्यांत औषधाचा सर्वांत जास्त अभ्यास केलेला माणूस तेवढा वगळलेला आहे. क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं 2018 पासून केमिस्टवर बंधनकारक आहे, म्हणजे जबाबदारी द्यायची वेळ आली तेव्हा राज्याला तो आठवला.

आणि चिठ्ठी म्हणजे सुरक्षितता, हेही पुरतं खरं नाही. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधानं दगावली, त्यातल्या कितीतरी मुलांना शेवटी नागपूरला हलवलं होतं. ते औषध डॉक्टरनंच लिहून दिलेलं होतं. बाटलीत 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. याच विषानं 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण गेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली होती. त्या आयोगाला चार दशकं होत आली. कारखान्यातल्या बॅचची तपासणी झाली नाही, तर काउंटरवर डॉक्टरची सही असो वा फार्मासिस्टची, ती निरुपयोगी ठरते. केंद्रानं नेमलेल्या माशेलकर समितीनं 2003 मध्येच सांगितलं होतं की दर 200 दुकानांमागे आणि दर 50 कारखान्यांमागे एक औषध निरीक्षक हवा. निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय फार्मासिस्टला नवा अधिकार देऊ नये, असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. त्या जागा भरण्यासाठी त्याच्या शेजारी उभी राहीन.

सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर नाशिकजवळ आहे. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत लाखो भाविक येतील आणि त्यांतले बहुतेक ताप, जुलाब, उलट्या, पायाचे फोड घेऊन आधी मेडिकलवरच जातील. शासनानं आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून काही महिन्यांचं प्रशिक्षण तयार करून घ्यावं. बी. फार्म. आणि फार्म डी झालेल्या, दुकानात प्रत्यक्ष हजर असणाऱ्या फार्मासिस्टांची निवड करावी. त्यांना दहा-बारा तक्रारींची यादी, ठरावीक औषधं, ठरावीक फी आणि ऑनलाइन नोंदवही द्यावी. याच दुकानांत अँटिबायोटिकची प्रत्येक विक्री त्याच नोंदवहीत जावी. सगळी नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांना रोज दिसावी, म्हणजे एखाद्या वस्तीत जुलाबाचे रुग्ण वाढले तर पाण्याची टाकी दुसऱ्याच दिवशी तपासता येईल. मेळा संपल्यावर विद्यापीठानं आकडे उघडपणे मांडावेत. किती जणांना औषध दिलं, किती जणांना नुसता सल्ला दिला, किती जणांना डॉक्टरकडे पाठवलं आणि कुणाला त्रास झाला, हे सगळं त्यात यावं. त्या आकड्यांतून ही पद्धत घातक ठरली, तर ती बंद करा असं लिहिणारी पहिली मी असेन.